चारचा आकडा आणि नॉझलचं तोंड: एका पिस्टनची तीन वलयं

मांडणी साधी आहे. काचेची पाण्याची टाकी, तिच्या एका भिंतीतून आत आलेला ५० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर, आत पिस्टन, आणि पुढे २५ मिलिमीटर व्यासाचं तोंड. पिस्टन सेकंदभर पुढे सरकतो आणि थांबतो. त्या वेळात ४९ मिलिलिटर पाणी तोंडातून बाहेर पडतं. तोंडाला सरळ नळी असेल, तर धुराच्या कड्यासारखं, भोवऱ्याचं एक टपोरं वलय सुटतं आणि बाहेर पडलेलं जवळजवळ सगळं पाणी पोटात घेऊन पुढे जातं. नळी काढून तिच्या जागी तेवढ्याच व्यासाचं छिद्र पाडलेली पातळ पट्टी बसवली, पिस्टनची हालचाल तीच ठेवली, की वलय अधिक जोरानं सुटतं, पण त्याच्यामागे, पाण्यात मिसळलेल्या रंगामुळे दिसणारी, लांब शेपटी लोंबत राहते. ४५ अंशांचा शंकू लावला, तर या दोन्हींच्या मधलं काहीतरी दिसतं.

पिस्टन तोच, व्यास तोच, पाणीही तेवढंच. कागदावर तिन्हींचं स्ट्रोक-गुणोत्तर, म्हणजे बाहेर पडलेल्या पाण्याच्या दांड्याची लांबी भागिले तोंडाचा व्यास, बरोबर ४ येतं. मग एका तोंडाला हा स्ट्रोक नेमका पुरतो आणि दुसऱ्याला तो दुपटीनं जास्त होतो, हे कसं?

चार आला कुठून

१९९८ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात मोर्तझा घारिब, एडमंड रॅम्बॉड आणि करीम शरीफ यांनी पिस्टन-सिलिंडरवर केलेलं काम या विषयाचा पाया मानलं जातं. त्यांनी स्ट्रोक वाढवत नेला. गुणोत्तर २ असताना एकटं वलय निघालं. ३.८ ला वलय जेवढं मोठं होऊ शकतं तेवढं झालं. १४.५ ला पुढे वलय आणि मागे लांबलचक झोत असं चित्र मिळालं. पण त्या झोतातलं पाणी पुढच्या वलयात शिरत नव्हतं. एका मर्यादेनंतर वलय आणखी सर्क्युलेशन (एकूण फिरकीचं माप) घ्यायचं थांबवतं आणि मागच्या झोतापासून तुटतं. यालाच पिंच-ऑफ म्हणतात. ही मर्यादा ज्या गुणोत्तराला येते तो फॉर्मेशन नंबर, आणि त्यांच्या मोजमापात तो ३.६ ते ४.५ च्या दरम्यान आला.

कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. वलयाची ऊर्जा भागिले घनता, आवेग (जोर गुणिले वेळ) आणि सर्क्युलेशनचा घन यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, अशी एक निखळ संख्या काढता येते. स्थिर राहू शकणाऱ्या जाड वलयासाठी ती ०.३३ च्या आसपास असते. आता पिस्टननं ढकललेलं पाणी सगळीकडे सारख्या वेगानं जाणारा दांडा आहे असं धरू. या सोप्या हिशेबाला स्लग मॉडेल म्हणतात. त्यात ही संख्या १.२५ भागिले स्ट्रोक-गुणोत्तर एवढी येते. ती ०.३३ ला टेकते तेव्हा गुणोत्तर ३.८ असतं. त्यापुढे पिस्टन जे पाणी देतो त्यात सर्क्युलेशनच्या मानानं ऊर्जा कमी पडते, आणि वलय ते स्वीकारत नाही.

या हिशेबात एक गृहीतक आहे, ते नीट लक्षात ठेवायला हवं. पाणी तोंडातून सरळ रेषेत, सगळीकडे सारख्या वेगानं आणि पूर्ण व्यास भरून बाहेर पडतं, असं इथे मानलेलं आहे. नॉझलचा आकार नेमका याच गृहीतकावर घाव घालतो.

बांधणी

पिस्टन लीड स्क्रूनं, म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या आट्यांच्या दांड्यानं, ढकलायचा. स्क्रूची पिच (एका फेऱ्यात होणारी सरक) ५ मिलिमीटर धरा. तोंडाशी सेकंदाला १० सेंटिमीटर वेग हवा, क्षेत्रफळांचं गुणोत्तर ४ आहे, म्हणून पिस्टनचा वेग २.५ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला ५ फेरे, ३०० आरपीएम. २०० स्टेपची मोटर १६ मायक्रोस्टेपवर चालवली तर सेकंदाला १६,००० पल्स लागतात. वेगाचा आलेख समलंब चौकोनी ठेवायचा: ०.१ सेकंदात चढ, ०.९ सेकंद स्थिर, ०.१ सेकंदात उतार. एकूण १.१ सेकंद, पिस्टनचा प्रवास २५ मिलिमीटर, आणि पाण्याच्या दांड्याची लांबी १०० मिलिमीटर.

२० अंश सेल्सिअसच्या पाण्यात रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) २,५०० येते. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतलं पाणी सहज ३० अंशांवर असतं, तेव्हा तीच मांडणी ३,१०० च्या पुढे जाते. म्हणून प्रत्येक रनच्या नोंदीत तापमान लिहायलाच हवं.

स्लग मॉडेलनं अपेक्षित आकडे असे: सर्क्युलेशन सेकंदाला ५० चौरस सेंटिमीटर, आवेग ४.९ मिलिन्यूटन-सेकंद, गतिज ऊर्जा ०.२५ मिलिज्यूल. सरासरी जोर जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या वजनाएवढा भरतो. साध्या लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) तो मोजायला गेलात, तर मोटरच्या थरथरीतच हरवेल. या आकाराच्या मांडणीत जोर वेगाच्या मोजमापातून काढावा.

टाकी निदान ४० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल असावी. तोंड मागच्या भिंतीपासून किती पुढे आलंय हे तिन्ही रचनांत सारखं ठेवायचं. नाहीतर तोंडाच्या आकाराचा परिणाम आणि भिंतीच्या जवळिकीचा परिणाम एकमेकांत मिसळतात, आणि मग ते सोडवता येत नाहीत.

सरळ नळी: लांबीपेक्षा वेळ महत्त्वाचा

५० वरून २५ वर येताना गोलसर, सावकाश निमुळता होणारा भाग आणि त्यापुढे ५० मिलिमीटरची सरळ नळी. बाहेरची कड लेथवर धारदार काढलेली, नळीची बाहेरची बाजू १५ ते २० अंशांत मागे उतरवलेली.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. नळी लांब केली की वेगाचं प्रोफाइल (भिंतीपासून मध्यापर्यंत वेग कसा बदलतो तो आकार) परवलयाकार होतं, असं धरून लोक नळी कापत बसतात. अखंड वाहणाऱ्या नळीत ते खरं आहे. थांबलेल्या पाण्याला एकदम धक्का दिला, तर नळीतलं सगळं पाणी एकदमच निघतं आणि भिंतीलगतचा सीमास्तर, म्हणजे घर्षणानं मंदावलेला थर, वेळेनुसार जाड होत जातो, नळीच्या लांबीनुसार नव्हे. २५ मिलिमीटरच्या नळीत भिंतीचा परिणाम मध्यापर्यंत पोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. आपला स्ट्रोक सेकंदाचा. तेवढ्यात सीमास्तराची विस्थापन-जाडी (त्या थरामुळे प्रवाहाची वाट जेवढी अरुंद होते ती जाडी) १.१ मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे त्रिज्येच्या ९ टक्के.

तेवढ्यानंही फरक पडतो. भिंतीलगतचं पाणी मागे पडलं की मधल्या पाण्याला वेग वाढवावा लागतो. स्ट्रोकच्या शेवटी मधला वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला असतो. सर्क्युलेशन तयार होण्याचा दर वेगाच्या वर्गाच्या निम्मा असतो, म्हणून तो ४५ टक्क्यांनी वर जातो. पूर्ण स्ट्रोकची सरासरी धरली, तर ५० ऐवजी ६० ते ६५ च्या घरातला आकडा अपेक्षित ठेवावा. मोजमापात ५० न आल्यानं यंत्रणेवर शंका घेऊ नका. इथे स्लग मॉडेलच कमी सांगतं.

हेच आकारमान दहापट लहान करून पाहा. २.५ मिलिमीटरची नळी, वेग तोच, रेनॉल्ड्स संख्या २५०, आणि गुणोत्तर ४ चा स्ट्रोक ०.१ सेकंदात संपतो. आता विस्थापन-जाडी त्रिज्येच्या २८ टक्के होते. हिशेबाला सोपं सूत्र आहे: ४ च्या स्ट्रोकअखेर विस्थापन-जाडी आणि त्रिज्या यांचं गुणोत्तर म्हणजे ४.५ भागिले रेनॉल्ड्स संख्येचं वर्गमूळ. मधला वेग जवळजवळ दुप्पट होतो, आणि मोठ्या नळीवर चाललेला ४ चा आकडा इथे साफ कोसळतो. मोशे रोझेनफेल्ड, रॅम्बॉड आणि घारिब यांनी १९९८ मध्येच गणनेतून दाखवलं होतं की पूर्ण परवलयाकार प्रोफाइल असेल, तर फॉर्मेशन नंबर तब्बल ७५ टक्क्यांनी खाली येऊ शकतो, म्हणजे १ च्या आसपास. स्लगच्या हिशेबानंही हे पटतं. परवलयात मधला वेग सरासरीच्या दुप्पट असतो, म्हणून सर्क्युलेशन चौपट दरानं ओतलं जातं आणि वलयाचं पोट चौपट लवकर भरतं.

पातळ पट्टी: पाणी आडवंही धावतं

प्रकरणाचा गाभा इथे आहे.

सपाट पट्टीतल्या छिद्राकडे पाणी फक्त मागून येत नाही. पट्टीच्या आतल्या पृष्ठभागाला घासत ते सगळ्या बाजूंनी मध्याकडे धावतं. कडेशी पोचल्यावर ते काटकोनात वळू शकत नाही. मध्याकडे जायची ओढ घेऊनच ते बाहेर पडतं आणि छिद्राच्या पुढे काही अंतरावर आणखी आकसतं. ऑरिफिस मीटर (छिद्राच्या पट्टीनं प्रवाह मोजायचं साधन) ज्यांनी हाताळलाय त्यांना झोताची ही सर्वांत अरुंद जागा, व्हेना कॉन्ट्रॅक्टा, ठाऊक असते. धारदार कडेच्या छिद्रासाठी आकुंचन गुणांक ०.६२ च्या आसपास असतो, म्हणजे छिद्राच्या क्षेत्रफळाचा ६२ टक्केच भाग झोत वापरतो.

याचा अर्थ आपण २५ मिलिमीटरचं तोंड लावलं, पण झोत १९.७ मिलिमीटरचा निघाला. तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं, म्हणून वेग सेकंदाला १० ऐवजी १६ सेंटिमीटर. दांड्याची लांबी १०० ऐवजी १६१ मिलिमीटर. आता खरं स्ट्रोक-गुणोत्तर काढा: १६१ भागिले १९.७, म्हणजे ८.२. कागदावर ४ दिसत असताना वलयाला प्रत्यक्षात ८ चा स्ट्रोक मिळतो. शेपटी येणारच.

उलट बाजूनं मोजलं, तर वलय भरण्याची वेळ नाममात्र गुणोत्तर १.९५ ला येते: ४ गुणिले ०.६२ चा दीड घात. ऑरिफिसमधून काढलेल्या वलयांचा फॉर्मेशन नंबर प्रयोगांतही २ च्या आसपास सापडतो, तो याच कारणानं. झोताचा खरा व्यास आणि खरा वेग घेऊन तेच आकडे पुन्हा मांडले, की गाडी परत ४ च्या जवळ येते.

मात्र इथे एक बारकावा सुटता कामा नये. ०.६२ हा स्थिर प्रवाहाचा गुणांक आहे. पिस्टन हलायला लागल्याच्या क्षणी व्हेना कॉन्ट्रॅक्टा अस्तित्वातच नसते. ती उभी राहायला झोताला निदान व्यासभर पुढे जावं लागतं. त्याच वेळात कडेशी भोवरा गुंडाळला जात असतो आणि त्याच्या ओढीनं कडेजवळचा वेग बदलत असतो. म्हणून स्थिर गुणांकावरून काढलेली वाढ, आवेगात ६१ टक्के आणि सर्क्युलेशन व ऊर्जेत प्रत्येकी १६० टक्के, तशीच्या तशी मिळत नाही. २०१३ मध्ये माइक क्रीग आणि कामरान मोहसेनी यांनी तोंडाशी असलेला हा आडवा, त्रिज्येच्या दिशेचा वेग गणितात घेतला आणि मोजूनही पाहिलं. सारख्या पिस्टन-हालचालीसाठी सरळ नळीच्या तुलनेत सर्क्युलेशन जवळजवळ दुप्पट, आवेग पाऊणपटीनं जास्त आणि ऊर्जा दुपटीहून थोडी अधिक, असं त्यांचं उत्तर आहे. त्रिज्येच्या दिशेचा वेग आणि तोंडाशी वाढलेला दाब हिशेबात धरल्याशिवाय हे आकडे जुळत नाहीत.

तोंडाशी वाढलेला दाब हा सरळ नळीचाही विषय आहे. पॉल क्रूगर आणि घारिब यांनी २००३ मध्ये दाखवलं की एकट्या वलयाच्या बाबतीत एकूण आवेगातला ४२ टक्क्यांपर्यंतचा वाटा या दाबाचा असू शकतो. वलय तयार होताना समोरचं स्थिर पाणी बाजूला सारतं आणि स्वतःसोबत ओढून नेतं. त्याची किंमत तोंडावरच्या दाबातून मोजली जाते. शेपटीतलं पाणी अशी किंमत वसूल करत नाही. म्हणूनच जोर हवा असणारा माणूस स्ट्रोक पिंच-ऑफच्या अलीकडे ठेवतो.

शंकू

४५ अंशांच्या उताराचा शंकू, पुढे सरळ भाग न ठेवता थेट २५ मिलिमीटरला कापलेला. आकुंचन गुणांक पाऊणच्या आसपास. त्यावरून वलय भरण्याची वेळ नाममात्र २.६ ला येते. शंकूच्या टोकाला १० ते १२ मिलिमीटरचा सरळ नळीचा तुकडा जोडला, की पाण्याला भिंतीला समांतर व्हायला जागा मिळते आणि वागणूक नळीकडे झुकते. ड्रॉइंगवर हा तुकडा क्षुल्लक दिसतो. ‘शंक्वाकार नॉझल’ एवढंच लिहून तो वगळलेला अहवाल पुन्हा करून पाहता येत नाही.

पट्टी उलटी बसली तर

पट्टी ३ मिलिमीटर जाडीची पितळी घ्यावी. आतल्या बाजूची कड धारदार, त्यापुढे अर्धा मिलिमीटर सरळ, आणि तिथून बाहेरच्या बाजूला ४५ अंशांचा बेव्हल (तिरका उतार). प्रवाह मोजण्याच्या ऑरिफिस प्लेटला जो नियम लागतो तोच इथेही: ५० मिलिमीटरच्या नळीसाठी कडेची सरळ जाडी पाव ते एक मिलिमीटर, बेव्हल नेहमी प्रवाहाच्या पुढच्या बाजूला.

आता समजा, दोन पट्ट्या एकाच ड्रॉइंगवरून बनल्या, दोन्हींचा व्यास व्हर्नियरवर २५.० येतो, पण एकीचं वलय मंद आणि मोठं, दुसरीचं वेगवान आणि शेपटीवालं. मोटर, स्क्रू, कॅमेरा तपासण्याआधी पट्टी काढून हातात घ्या.

पहिली शक्यता, पट्टी उलटी बसली आहे. बेव्हल आत गेला, की पाण्याला ४५ अंशांचा शंकू मिळतो, आकुंचन कमी होतं आणि पट्टी नळीसारखी वागू लागते. कारखान्यातही उलट्या बसलेल्या ऑरिफिस प्लेटमुळे मीटर प्रवाह बराच कमी दाखवतो. कारण हेच.

दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. छिद्र पाडल्यावर बर (कडेला राहिलेला धातूचा खरखरीत कीस) काढायला कुणीतरी आतल्या कडेवर काउंटरसिंक (शंकूच्या टोकाचं ड्रिल) फिरवलेला असतो. डोळ्याला एक चकचकीत रेघ दिसते, बाकी काही नाही. आतल्या कडेची गोलाई व्यासाच्या १५ टक्के झाली, तर आकुंचन जवळजवळ नाहीसं होतं. एक-दीड मिलिमीटरचं चेम्फरही (तिरकी कापलेली कड) गुणांक ढळवायला पुरेसं आहे. तपासायची जुनी रीत अजून चालते. कडेवर अंगठ्याचं नख ओढायचं. धारदार कड नखाची बारीक साल काढते. नख घसरून गेलं, तर ती पट्टी या कामाची नाही. मग बर कसा काढायचा? आतल्या सपाट पृष्ठभागावर काचेवर ठेवलेला ६०० ग्रिटचा पेपर फिरवावा. कडेवर हत्यार टेकवू नये.

तिसरी शक्यता जाडीची. १० मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये बेव्हल न देता सरळ छिद्र पाडलं, तर आतल्या कडेवरून सुटलेला झोत बाहेर पडण्याआधी कधी भिंतीला परत चिकटतो, कधी नाही. रन पुन्हा केला की उत्तर बदलतं. एवढ्या जाडीला बेव्हल न देणं ही चूकच.

मोजायचं कसं

रंगानं वलय दिसतं, पण पिंच-ऑफ दिसेलच असं नाही. पाण्यात रंगाचा प्रसार व्हॉर्टिसिटीच्या (पाण्यातल्या स्थानिक फिरकीच्या) प्रसारापेक्षा हजारपट मंद असतो. रंगाच्या सुबक पिळाखाली भोवरा केव्हाच पसरलेला असू शकतो, आणि रंगानं जोडलेली दिसणारी शेपटी गतीच्या दृष्टीनं कधीच तुटलेली असते. रंग फक्त सममिती तपासायला वापरावा.

मोजमापाला पीआयव्ही, म्हणजे पाण्यातल्या कणांच्या लागोपाठ फोटोंवरून वेग काढायची रीत, हवी: १० मायक्रॉनचे पोकळ काचेचे कण, ५३२ नॅनोमीटरची लेझर-चादर अक्षातून, आणि आडवा कॅमेरा. १०० मिलिमीटरची चौकट २,०४८ पिक्सेलवर घेतली, तर एक पिक्सेल ०.०५ मिलिमीटरला पडतो. ३२ पिक्सेलच्या खिडकीत (वेग काढायच्या चौकोनी तुकड्यात) कण पाव खिडकीपेक्षा जास्त सरकू नयेत. सेकंदाला २० सेंटिमीटर हा सर्वांत मोठा वेग धरला, तर दोन फ्रेममधलं अंतर २ मिलिसेकंदांपर्यंतच ठेवता येतं. पट्टीसाठी ते आणखी कमी लागतं, कारण गाभ्याभोवतीचा वेग जास्त असतो. नळीसाठी बसवलेली वेळ पट्टीला तशीच वापरली, तर गाभ्यातले वेक्टर चुकतात आणि पट्टीचं सर्क्युलेशन कमी निघतं. दोन तोंडांमधला जो फरक शोधायचाय, तोच असा पुसला जातो.

फॉर्मेशन नंबर काढायची रीत ही: लांब स्ट्रोक घ्या, नाममात्र ८ किंवा त्याहून जास्त. अक्षाच्या एका बाजूची सगळी व्हॉर्टिसिटी बेरजून एकूण सर्क्युलेशनचा काळाबरोबरचा आलेख काढा. तो जवळपास सरळ चढतो. पुढे गेल्यावर वलय शेपटीपासून स्वच्छ वेगळं दिसू लागलं, की फक्त त्या वलयाचं सर्क्युलेशन मोजा. त्या उंचीची आडवी रेघ मागे ओढा. ती चढत्या आलेखाला जिथे कापते, ती वेळ फॉर्मेशन नंबरची. वलय वेगळं दिसण्याची वेळ आणि ही वेळ एक नव्हे. प्रत्यक्ष तुटणं बरंच उशिरा होतं. व्हिडिओत वलय सुटलेलं दिसल्याची फ्रेम पकडून तीच फॉर्मेशनची वेळ म्हणून लिहिणं ही या कामातली सर्वांत सर्रास चूक असावी.

तिन्ही तोंडांची तुलना करताना आलेख दोनदा काढावा. एकदा नाममात्र व्यास आणि वेग घेऊन, एकदा व्हेना कॉन्ट्रॅक्टाशी मोजलेला व्यास आणि वेग घेऊन. दुसऱ्या आलेखात तीन रेषा एकमेकींच्या जवळ आल्या, तर फरक तोंडाच्या आकुंचनाचा होता. तरीही दूर राहिल्या, तर कारण सीमास्तरात किंवा पिस्टनच्या चढ-उतारात शोधावं.

फसायच्या जागा

तापमान. रंग मिसळलेलं पाणी टाकीच्या पाण्यापेक्षा १ अंशानं गरम असलं, तर घनतेत ०.०२ ते ०.०३ टक्के फरक पडतो. ऐकायला नगण्य, पण पाच सेकंदांत वलय दोन-तीन सेंटिमीटर वर चढतं आणि नॉझल तिरकं बसलंय असा समज होतो. रंगाचं पाणी टाकीतूनच काढून घ्यावं.

हवेचा बुडबुडा. त्याच्या दबण्यामुळे स्ट्रोक बिघडतो असं सर्रास म्हणतात. इथे तरी ते खरं नाही: सुरुवातीच्या प्रवेगातून दोन-तीनशे पास्कलच दाब येतो, आणि त्यानं १ मिलिलिटर हवा दोन-तीन मायक्रोलिटर दबते. ४९ मिलिलिटरपुढे ते काहीच नाही. बुडबुड्याचा खरा उपद्रव असा, की तो पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात अडकतो, त्या बाजूनं मध्याकडे धावणारं पाणी अडवतो आणि वलय कलतं. सिलिंडर भरताना तोंड वर करून भरावं.

ओ-रिंग. मंद वेगात ती अडखळत सरकते. वलयावर ठरावीक अंतरानं कंगोरे दिसले, तर सिलिकॉन ग्रीस लावून पाहावं. स्क्रूमध्ये ०.२ मिलिमीटर ढिलाई असेल, तर ४ च्या स्ट्रोकला ती १ टक्क्याच्या आत राहते, पण १ च्या स्ट्रोकला पिस्टन फक्त ६.२५ मिलिमीटर जातो, तेव्हा ती ३ टक्के होते. प्रत्येक रनआधी पिस्टन थोडा पुढे घेऊन ढिलाई संपवावी.

थ्री-डी प्रिंटचं नॉझल. थराची शिवण कडेवर जिथे येते, तिथे वलयाला दर वेळी खळगा पडतो. नॉझल ९० अंश फिरवून रन करा. खळगा सोबत फिरला, तर दोष तोंडाचा. जागीच राहिला, तर टाकीत प्रवाह शिल्लक आहे किंवा भिंत जवळ आहे.

थांबणं. पिस्टन थांबताना कडेशी उलट्या फिरकीचा भोवरा तयार होतो आणि वलयाच्या सर्क्युलेशनमधला थोडा भाग खातो. उतार ०.१ सेकंदापेक्षा तीव्र केला, तर तो अधिक ठळक होतो. पट्टीच्या सपाट बाहेरच्या पृष्ठभागावरही वलयाच्या ओढीनं उलट्या फिरकीचा थर उठतो. नळीला मागे मोकळं पाणी असल्यानं तिथे तो कमी असतो. नळीची बाहेरची बाजू मागे उतरवण्याचा हा आणखी एक फायदा.

गोल नसलेली तोंडं

लंबवर्तुळाच्या तोंडातून निघालेलं वलय काही अंतरावर आपले अक्ष बदलतं. लांब अक्षाच्या टोकांशी वक्रता तीव्र असते, म्हणून ती टोकं स्वतःच्या ओढीनं पुढे पळतात, वलय वाकतं, आणि लांब अक्ष आखूड होऊन आखूड अक्ष लांब होतो. तिरक्या कापलेल्या नळीत भोवरा एका बाजूला आधी सुटतो आणि वलय तिरकंच जन्मतं. अशा तोंडांना एकच आडवा छेद पुरत नाही, निदान दोन काटकोनी छेदांत मोजावं लागतं.

एकामागून एक स्पंद

जोर मिळवायचा असेल, तर प्रश्न एका वलयावर थांबत नाही. पट्टी लावलेल्या मांडणीत ४९ मिलिलिटर एका दमात सोडण्याऐवजी २४ मिलिलिटरचे दोन स्पंद द्यावेत. पिस्टनचा प्रवास प्रत्येकी सव्वाबारा मिलिमीटर, नाममात्र गुणोत्तर १.९५. दोन्ही स्पंद वलयातच संपतात, शेपटीत जात नाहीत. दोहोंमध्ये इतका वेळ हवा, की पहिलं वलय तीन-चार व्यास पुढे गेलेलं असेल. नाहीतर दुसरं त्याच्या मागच्या ओढीत सापडतं आणि त्याच्या पोटातून पुढे घुसतं.

सिलिंडर त्याच तोंडातून परत भरायचा असेल, तर हिशेब उलटतो. टाकीत पुढे आलेल्या धारदार नळीत पाणी शिरताना पार मागूनही वळून येतं, आणि पातळ नळीसाठी आकुंचन गुणांक ०.५ पर्यंत खाली जातो. बाहेर सोडताना जे तोंड सर्वांत कमी आकुंचन देत होतं, तेच आत ओढताना सर्वांत जास्त अडवतं. बाहेरची कड गोल केली, तर शोषण सुधारतं, पण बाहेर सोडताना भोवरा कडेच्या कोणत्या बिंदूवरून सुटेल हे मग वेगावर अवलंबून राहतं. स्ट्रोक व्यासाच्या निम्म्याहून कमी असेल, तर वलय सुटण्याआधी परत आत ओढलंही जातं. पितळी पट्टी धारदारच ठेवावी आणि भरणीसाठी पिस्टन आणि तोंड यांच्यामधल्या पोकळीत उघडणारा वेगळा एकमार्गी व्हॉल्व्ह द्यावा. त्याचा बोअर ३२ मिलिमीटरपेक्षा कमी नको, म्हणजे मागे येताना पिस्टनला कमी जोर लागेल आणि तोंडाजवळचं पाणी पुढच्या स्पंदापर्यंत कमी ढवळेल.